पडणं, पाडणं आणि एक काना

माझ्या कपाटात एक जुनी फाइल आहे. लखनौमधल्या एका खासगी रुग्णालयाची, पिवळ्या पुठ्ठ्याची. पहिल्या पानाच्या कोपऱ्यात लाल शाईनं तीन अक्षरं लिहिलेली आहेत : बी. ओ. एच. ‘बॅड ऑब्स्टेट्रिक हिस्टरी’. त्याखाली निदान आहे : ‘हॅबिच्युअल अबॉर्टर’. माझा तिसरा गर्भ दहाव्या आठवड्यात गेला, त्या दिवशीचं हे पान. भाषांतर हा माझा धंदा आहे. समोर शब्द आला की तो दुसऱ्या भाषेत कसा जाईल हे डोकं आपोआप पाहू लागतं. त्या दिवशीही खाटेवर पडल्या पडल्या ते पाहू लागलं. ‘हॅबिच्युअल’ला वर्तमानपत्री मराठीत एक शब्द अगदी तयार असतो : सराईत. सराईत चोर, सराईत गुन्हेगार. मी सराईत गर्भपाती झाले होते.

ज्या डॉक्टरांनी ते लिहिलं त्यांच्याशी माझं भांडण नाही. शब्द त्यांचा नव्हताच. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोग-वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत एन ९६ या क्रमांकावर तो छापलेला होता. माझं भांडण त्या शब्दामागच्या समजुतीशी आहे, आणि ती समजूत रुग्णालयात जन्मत नाही. घरात, देवघरात, मालिकांत, पुस्तकांत आणि आपण लेखक-भाषांतरकार जी भाषा हाताळतो तिच्यात ती नांदते. गर्भ गेला म्हणजे बाईनं काहीतरी केलं असणार, किंवा करायचं ते केलं नसणार, अशी ती समजूत. ती खोटी आहे. आणि ती खोटी आहे हे माहीत असलेली माणसंही, मी धरून, ती रोज वापरतात. तक्रार त्याबद्दल आहे.

आधी भाषेचं पाहू. मराठीत ‘पडणं’ आणि ‘पाडणं’ यांत एका कान्याचं अंतर आहे. हिंदीत ‘गिरना’ आणि ‘गिराना’. काना तोच, फक्त एक अक्षर पुढे सरकलेला. पडणं आपोआप होतं, पाडणं कुणीतरी करतं. बोलीत हा फरक कुणी चुकवत नाही. पण सभ्य, छापील, संस्कृत शब्द घ्यायची वेळ आली की आपण ‘गर्भपात’ म्हणतो आणि तो काना गिळून टाकतो. रक्तस्राव होऊन गेलेला गर्भ, हृदयाचे ठोके थांबून आतच राहिलेला गर्भ, बाईनं विचार करून कायद्यानं घेतलेला निर्णय, आणि धमकावून करवून घेतलेली शस्त्रक्रिया : सगळ्याला एकच शब्द. आयुर्वेदाकडे निदान दोन होते. चौथ्या महिन्यापर्यंत गर्भस्राव, पुढे शरीर घडल्यावर गर्भपात. भेद काळाचा होता, दोषाचा नव्हता, पण भेद करायची गरज तरी कुणाला वाटली होती. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात गर्भस्राव झालेल्या स्त्रीला जितके महिने तितक्या रात्रींचं अशौच सांगितलं आहे. अशौच या कल्पनेला माझा काडीचा पाठिंबा नाही. तरी मला ते वाचून खटकलं ते असं, की ज्या ग्रंथाला आपण बाईचा शत्रू म्हणतो त्यानंसुद्धा घडलेल्या गोष्टीला काही रात्री मोजून दिल्या होत्या. मला दुसऱ्या वेळी एक शनिवार-रविवार मिळाला.

इंग्रजीचं कौतुक करायचं कारण नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ३१२ मध्ये गुन्हा सांगितला होता तो ‘मिसकॅरेज घडवून आणण्याचा’. म्हणजे कायद्याच्या इंग्रजीत पडण्याचा शब्द पाडण्याला दिला, आणि वैद्यकाच्या इंग्रजीत उलट, पाडण्याचा शब्द पडण्याला. ब्रिटनमध्ये १९८५ साली ‘लॅन्सेट’मध्ये काही डॉक्टरांनी पत्र लिहून म्हटलं, की आपोआप गर्भ गेलेल्या बायकांना ‘अबॉर्शन’ हा शब्द दुखावतो, तो सोडा. तिथे तो हळूहळू सुटला. आपल्या केसपेपरांवर तो अजून आहे : मिस्ड अबॉर्शन, इनकम्प्लीट अबॉर्शन, थ्रेटन्ड अबॉर्शन. ‘जी ४ पी ० ए ३’ या सूत्रातला ‘ए’ म्हणजे तोच.

लखनौत मला या बाबतीत सर्वांत बरा शब्द भेटला तो शेजारच्या खालांकडून. त्या पहिल्यांदा भेटायला आल्या तेव्हा हळूच म्हणाल्या, “ज़ाया हो गया, बिटिया?” ज़ाया होणं म्हणजे वाया जाणं, हातचं जाणं. त्यात कुणी कर्ता नाही. उर्दूत गर्भाला ‘हमल’ म्हणतात. आपला ‘हमाल’ त्याच अरबी धातूतून आला आहे, ओझं वाहणं हा त्याचा अर्थ. वाहणारी थकते, वाहिलेलं कधी कधी जातं. खालांनी दुसरा प्रश्न विचारला नाही. डब्यात यख़नी आणली होती, ती ठेवून गेल्या.

बाकी सगळ्यांनी दुसरा प्रश्न विचारला. साताऱ्याहून मावशीचा फोन : “अगं, जिना चढलीस का गं?” सासूबाई : “पपई तर नाही ना खाल्लीस?” ऑफिसातली मैत्रीण : “तू स्ट्रेस फार घेतेस.” एका शिकलेल्या काकांनी संगणकासमोर बसण्याबद्दल विचारलं. रिक्षा, उपवास, गरम पडणारे पदार्थ, वर हात करून कपडे वाळत घालणं, नवऱ्याशी भांडण, नवऱ्याजवळ झोपणं. सगळ्या प्रश्नांचा कर्ता मीच. नवऱ्याला कुणी काही विचारलं नाही, जणू त्या गर्भात त्याचं काहीच नव्हतं.

यांचं उत्तर वैद्यकानं कधीच दिलेलं आहे. पहिल्या तीन महिन्यांत जाणाऱ्या गर्भांपैकी निम्म्याच्या आसपास, काही पाहण्यांत त्याहून जास्त, गुणसूत्रांच्या चुकीमुळे जातात. ही चूक बहुतेक वेळा बीज तयार होताना किंवा फलनाच्या सुमारास घडते. त्या वेळी त्या बाईला दिवस गेल्याचा पत्ताही नसतो. तिनं नंतर चढलेल्या जिन्यानं ती घडत नाही आणि न चढलेल्या जिन्यानं टळत नाही. ‘लॅन्सेट’नं २०२१ मध्ये या विषयावर लेखमाला काढली. तिच्यातला अंदाज असा, की कळलेल्या गर्भधारणांपैकी सुमारे १५ टक्के अशा संपतात. जगभरात वर्षाला २ कोटी ३० लाख, मिनिटाला ४४. एवढ्या बायका पपई खात नाहीत.

पण हिंदी-मराठी मालिकांमध्ये गर्भ नेहमी जिन्यावरूनच जातो. कुणीतरी तेल सांडतं, नायिका घसरते, पुढच्या दृश्यात डॉक्टर मान हलवतात. आपल्या कथा-कादंबऱ्या याहून फार पुढे गेलेल्या नाहीत. कथानकाला कारण लागतं, आणि निसर्गातली चूक हे कथानकात न बसणारं कारण आहे. मग लेखक एक पाप, एक शाप, एक धक्का, निदान एक भांडण शोधतो. वाचकाला ते पटतं. पुढे त्याच वाचकाच्या सुनेचा गर्भ गेला की तोही एक धक्का शोधतो.

या शोधाचं आपल्याकडचं मूळ उदाहरण अभिमन्यूचं. सुभद्रेच्या पोटात असताना त्यानं चक्रव्यूहात शिरायचं ऐकलं, बाहेर पडायचं सांगण्याआधी तिचा डोळा लागला. गर्भसंस्काराची पुस्तकं, शिबिरं, मोबाइलवरचे मंत्र यांचा मुख्य पुरावा म्हणजे ही गोष्ट. महाभारताच्या द्रोणपर्वात मात्र अभिमन्यू पोटातलं काही बोलत नाही. तो म्हणतो, बापानं मला व्यूह फोडायला शिकवलं, बाहेर पडता येत नाही. म्हणजे मुळात शिकवणं अपुरं राहिलं ते अर्जुनाचं. मागाहून लोकप्रिय झालेल्या कथेनं तो अपुरेपणा बापाकडून काढून झोपलेल्या आईच्या नावावर चढवला. तुलनात्मक साहित्याच्या वर्गात असल्या पाठभेदावर आम्ही प्रबंध लिहितो. गरोदर बाईच्या हातात पुस्तक ठेवताना ही बाजू सांगायला विसरतो. कारण उघड आहे. चांगला राग ऐकून बाळ चांगलं होतं हे एकदा मान्य केलं, की बाळ गेलं तेव्हा तू काय ऐकत होतीस हा प्रश्न आपोआप तयार होतो. गर्भसंस्काराच्या प्रत्येक आश्वासनाच्या पोटात ही धमकी असते.

आता माझी कथा पुढे सांगते, कारण तिच्याशिवाय पुढचा मुद्दा कळणार नाही. माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. चौथ्या खेपेला झाली. तिच्या जन्माचं श्रेय पाच जणांनी घेतलेलं आहे. मेडिकल कॉलेजजवळच्या शाह मीनांच्या दर्ग्यावर एका ओळखीच्या बाईंनी माझ्या नावानं धागा बांधला होता. अलीगंजच्या हनुमानाला सासूबाईंचा नवस होता. मावशीनं औंधच्या यमाईला साडी बोलली होती. एका वैद्यांचा कल्प होता. आणि एका डॉक्टरांनी आठवड्याला टोचलेली इंजेक्शनं होती. पाचही जण आजही मनापासून सांगतात, आमच्यामुळे झाली.

त्यांनी २०१५ साली प्रसिद्ध झालेला प्रॉमिस नावाचा अभ्यास पाहायला हवा. ब्रिटन आणि नेदरलँड्समधल्या ८३६ बायका, प्रत्येकीचे तीन किंवा अधिक गर्भ कारण न सापडता गेलेले. निम्म्यांना पुढच्या गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन दिलं, निम्म्यांना तशीच दिसणारी, औषध नसलेली कॅप्सूल. औषध घेतलेल्यांपैकी ६५.८ टक्के बायकांना जिवंत बाळ झालं. औषध नसलेली कॅप्सूल घेतलेल्यांपैकी ६३.३ टक्के बायकांना. दोन्हींत सांगण्यासारखा फरक नाही. या आकड्याकडे मी कितीतरी दिवस पाहत राहिले. तीन वेळा गमावलेल्या, कारण न सापडलेल्या बायकांपैकी दर तिघींतल्या जवळजवळ दोघींना, काहीही न करता, बाळ होतं. म्हणजे धागा बांधणाऱ्या, नवस बोलणाऱ्या, कल्प देणाऱ्या प्रत्येकाच्या पदरात तिघींमागे दोन चमत्कार फुकट पडतात. तिसरी बाई परत सांगायला येत नाही. तिनं धागा नीट बांधला नसेल, असं ठरतं.

याचा अर्थ औषध नकोच असा नाही, आणि तो अर्थ काढणाऱ्यांशीही माझा वाद आहे. २०१९ च्या प्रिझम अभ्यासात सुरुवातीला रक्तस्राव झालेल्या चार हजारांवर बायका होत्या. एकूण गटात प्रोजेस्टेरॉनचा फायदा सिद्ध झाला नाही, पण ज्यांचे आधी तीन किंवा जास्त गर्भ गेले होते त्यांच्यात फरक दिसला. अँटिफॉस्फोलिपिड नावाची प्रतिपिंडं रक्तात असली तर अ‍ॅस्पिरिन आणि हेपॅरिन देतात. ते उपयोगी पडतं, म्हणून ही तपासणी करायलाच हवी, आणि निदान बारा आठवड्यांच्या अंतरानं दोनदा. थायरॉइड, साखर, गर्भाशयाचा आकार पाहायला हवा. गेलेल्या गर्भाच्या गुणसूत्रांची तपासणी होऊ शकते. गरज असेल तर नवरा-बायको दोघांचीही. रायबरेली रोडवरच्या संजय गांधी संस्थेत वैद्यकीय आनुवंशिकीचा स्वतंत्र विभाग आहे. लखनौच्या बाईला यासाठी दिल्लीला जावं लागत नाही. पण माझ्या फाइलमध्ये काय होतं? तीन वेळा केलेली टॉर्च तपासणी, जी वारंवार गर्भ जाण्याचं कारण शोधायला करू नये असं मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. पूर्ण विश्रांतीचा सल्ला, ज्यानं गर्भ टिकतो असा पुरावा नाही. नवऱ्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी मला टोचण्याचा प्रस्ताव, जो उपचार अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००२ मध्येच संशोधनाबाहेर वापरायला मनाई केली होती. प्रतिपिंडांची तपासणी एकदाच, आणि दुसरी करायचं राहून गेलं. अपराधी वाटणारी बाई हे फार चांगलं गिऱ्हाईक असतं. “तुम्ही काही करायचं बाकी ठेवलं असं नको ना वाटायला?” एवढं एक वाक्य पुरतं. पैसे आम्ही दिले. वाक्य विचारणाऱ्यानं आणि आम्ही, दोघांनीही ‘केलं असतं तर’ या एकाच समजुतीवर व्यवहार केला.

चौथ्या वेळी दिवस गेले तेव्हा आनंद झाला नाही. मी हे स्पष्ट लिहिते, कारण हे वाचणाऱ्या कुणालातरी स्वतःबद्दल तसंच वाटत असेल आणि ती स्वतःला वाईट आई ठरवत असेल. प्रत्येक वेळी संडासात गेल्यावर मी आधी कागद पाहत असे. मळमळ थांबली की घाम फुटायचा. सोनोग्राफीच्या टेबलावर मी पडद्याकडे पाहायचं नाकारलं, तंत्रज्ञाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. आधीच्या दोन वेळा तो चेहराच आधी बदलला होता. या सगळ्यात मला “तीन महिने कुणाला सांगू नकोस, दृष्ट लागते” असं बजावण्यात आलं होतं. लखनौत ‘नज़र’, साताऱ्यात ‘दृष्ट’. पण बहुतेक गर्भ जातात ते याच तीन महिन्यांत. म्हणजे हा नियम पाळणारी बाई नेमक्या धोक्याच्या काळात एकटी राहते, आणि गमावते तेव्हा आधी बातमी सांगावी लागते आणि मग तीच बातमी रद्द करावी लागते. हा नियम तिला वाचवत नाही. आजूबाजूच्यांना अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून तो आहे. त्या वेळी मी तो मोडला. पाचव्या आठवड्यात सहा माणसांना सांगितलं, म्हटलं, हे जाऊ शकतं, गेलं तर मला तुम्ही लागणार आहात. एका नव्या डॉक्टरांनी दर आठवड्याला यायला सांगितलं, औषध देण्यासाठी नाही, “बस देख लेंगे” म्हणून. त्या पाच दावेदारांनंतर सहावं नाव द्यायचं तर मी या ‘बस देख लेंगे’ला देईन. मात्र त्यामुळे बाळ टिकलं असं मी म्हणणार नाही. त्यामुळे मी टिकले.

अवधीत बाळाच्या जन्माला सोहर गातात. त्यातला एक प्रसिद्ध सोहर हरिणीचा आहे. रामाच्या सोहळ्यासाठी तिचा हरीण मारला जातो, ती कौसल्येकडे निदान कातडं मागते, आणि कौसल्या म्हणते, त्याची मी रामाला खंजिरी करणार. हे गाणं इथल्या बायका भर बारशाच्या आनंदात गातात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी उठून बाहेर गेले होते. आता वाटतं, आपल्या डोहाळजेवणांत, ओटीभरणांत अशी जागा का नाही? जिचं गेलं तिला ओटी भरायला बोलावू नये, एवढंच आपल्याला सुचलं.

कायदा या बाबतीत समाजाच्या पुढे आहे हे कबूल करायला हवं. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात गर्भ गेल्यावर सहा आठवड्यांची पगारी रजा होती. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आहे. २०२१ मध्ये न्यूझीलंडनं तीन दिवसांची रजा दिली तेव्हा आपल्याकडच्या वर्तमानपत्रांनी तिचं केवढं कौतुक केलं. सहा आठवड्यांचा आपला कायदा साठ वर्षांचा झाला होता, आणि मी नोकरी करत होते तिथे तो मला कुणी सांगितला नाही. मीही ‘व्हायरल ताप’ असं लिहून दोन दिवस घेतले. केंद्र सरकारच्या रजा-नियमांत अशी रजा ४५ दिवस, पण सबंध नोकरीत मिळून. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा गमावणाऱ्या बाईचा तिथे हिशेब संपतो. ‘सराईत’ला सवलत नाही. मातृवंदना योजनेत २०१७ च्या नियमांनुसार पहिला हप्ता घेतल्यावर गर्भ गेला तर पुढच्या खेपेला फक्त उरलेले हप्ते मिळत. २०२२ मध्ये तो नियम बदलून तिला नव्यानं लाभार्थी मानलं गेलं. म्हणजे बोललं तर बदल होतो.

आणि ज्यांना पगारच नाही त्यांचं काय? बीडच्या ऊसतोड कामगार बायकांना एका दिवसाच्या खाड्याचे पैसे कापले जातात. नीलम गोऱ्हे यांच्या समितीनं २०१९ मध्ये जिल्ह्यातल्या ८२,३०९ बायकांची पाहणी केली, तेव्हा १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. फडात गर्भ गेला तर दुसऱ्या दिवशी कोयता उचलावा लागतो. पाळी, गर्भ, स्राव या सगळ्याचा एकच इलाज त्यांना दाखवण्यात आला. सहा आठवड्यांची रजा त्यांच्यापर्यंत नेणं ही माझ्या दुःखापेक्षा मोठी गोष्ट आहे, आणि माझ्यासारख्या बायका गप्प राहिल्या म्हणून ती लहान दिसते.

माझ्या स्त्रीवादी मैत्रिणींचा एक आक्षेप मला माहीत आहे. गेलेल्या गर्भासाठी शोक करायला लागलात तर गर्भपाताच्या हक्कावर टपून बसलेल्यांच्या हातात कोलीत द्याल. भीती खोटी नाही. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला बाळ मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली, पुढे ती कमी झाली. त्या गदारोळातून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिलं. बाईच्या पोटावर पहारा बसवण्याची ओढ जुनी आहे. पण माझं उत्तर त्याच कान्यात आहे. पडणं आणि पाडणं वेगळं ठेवलं तरच दोन्हींतली बाई दिसते. एकीत तिच्यावर ओढवलं, दुसरीत तिनं ठरवलं. ‘गर्भपात’ या एका शब्दात दोघी कोंबल्या की पहिली संशयित ठरते आणि दुसरी खुनी. प्रसूती लाभ कायद्यात १९९५ मध्ये दुरुस्ती झाली आणि कायदेशीर गर्भपातालाही तीच सहा आठवड्यांची रजा मिळाली. कायद्यानं भेद ओळखला आणि रजा दोघींना सारखी दिली. आपण एवढं केलं तरी पुष्कळ.

म्हणून मागण्या साध्या आहेत. मराठी लेखक-भाषांतरकारांनी आपोआप गेलेल्या गर्भाला ‘गर्भपात’ लिहू नये; ‘गर्भ गेला’, ‘पडला’, ‘स्राव झाला’, जे त्या पात्राच्या तोंडी शोभेल ते लिहावं, आणि जिना टाळावा. डॉक्टरांनी ‘बॅड’ आणि ‘हॅबिच्युअल’ हे शब्द फाइलींवरून काढावेत आणि पुरावा असलेल्या तपासण्या पूर्ण कराव्यात. नोकरी देणाऱ्यांनी सहा आठवडे न मागता सांगावेत. आणि बाकीच्यांनी भेटायला जावं तेव्हा ‘काय केलंस’ विचारू नये. कितवा महिना होता, रजा मिळाली का, रात्री सोबत कोण असतं, एवढं विचारावं. नाहीच काही सुचलं तर डबा न्यावा.